एट माइलच्या अलीकडे आणि पलीकडे : डेट्रॉईटमधील सहा दिवस

आमचा भाचा डेट्रॉईटला असतो, असे आम्ही पुण्यात गेली अकरा वर्षे सांगत आलो आहोत. प्रत्यक्षात तो राहतो ते गाव नोव्हाय. ते डेट्रॉईटच्या वायव्येला पंचवीस-तीस मैलांवर आहे आणि विमानतळावरून तेथे जाताना डेट्रॉईट शहर लागतही नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मी गणपतीसाठी त्याच्याकडे गेले होते. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर सहा दिवस हाताशी होते आणि ते सगळे शहरातच घालवायचे, हे मी पुण्याहून निघतानाच ठरवले होते. नगररचना खात्यात मी एकतीस वर्षे नोकरी केली. आराखड्यावर ओढलेली एक रेघ जमिनीवर उतरली की कोणाचे घर जाते आणि कोणाच्या जमिनीला रस्त्याचा दर्शनी भाग मिळतो, हे मी जवळून पाहिलेले आहे. डेट्रॉईटमध्ये अशा रेघा माणसाच्या वर्णाकडे पाहून ओढल्या गेल्या आणि त्यांचे कागद जपलेले आहेत. त्या रेघा मला पायी चालून पाहायच्या होत्या.

पहिला दिवस

शहरात जायला बस कोठून मिळेल, असे सकाळी विचारले, तेव्हा भाचा आणि भाचेसून दोघेही गोंधळले. इतक्या वर्षांत त्यांना ती लागली नव्हती. गणेशोत्सवात भेटलेल्या मंडळींनीही, शहरात एकट्याने कशाला जाता, असेच विचारले होते, आणि त्यांच्या स्वरात खरी काळजी होती.

या प्रदेशात बससेवा दोन आहेत, एक डेट्रॉईट महापालिकेची आणि दुसरी उपनगरांची. उपनगरी सेवेसाठी लागणारा कर नाकारून त्या सेवेतून बाहेर राहण्याची मुभा प्रत्येक गावाला होती, आणि नोव्हायसह अनेक गावांनी ती वर्षानुवर्षे वापरली. लिव्होनिया या मोठ्या, जवळजवळ संपूर्ण गोऱ्या उपनगराने तर २००५ मध्ये मतदान करून आपली चालू सेवा सोडली. शहरातील ट्राम १९५६ मध्येच बंद झाल्या होत्या. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सरकारने या महानगरातील वाहतुकीसाठी ६० कोटी डॉलर देऊ केले, पण शहर आणि उपनगरे यांचे एकमत झाले नाही आणि तो निधी बव्हंशी वापरलाच गेला नाही. १९७४ पासून शहराचा महापौर कोलमन यंग हा कृष्णवर्णीय होता, भोवतालच्या गावांची सत्ता गोऱ्यांकडे होती आणि एका रुळाने दोघांना जोडणे दोन्हीकडच्या राजकारणाला परवडणारे नव्हते. त्या सगळ्या बेतातून १९८७ मध्ये शिल्लक उरला तो मध्यवर्ती भागात गोल फिरणारा पावणेतीन-तीन मैलांचा उन्नत रेल्वेमार्ग. २०१६ मध्ये चार जिल्ह्यांच्या एकत्रित वाहतूक करावर मतदान झाले आणि तो थोडक्या मतांनी पडला. अखेर २०२२ मध्ये, नोव्हाय ज्यात येते त्या ओकलंड जिल्ह्याने संपूर्ण जिल्ह्यासाठी कर मंजूर केला, तेव्हा बाहेर राहिलेल्या गावांनाही बस आली.

त्या दिवशी भाच्यानेच गाडीने सोडले. मध्यवर्ती भागातील उंच इमारती पाहिल्या आणि नदीकाठी बसले. पलीकडचा काठ कॅनडाचा आहे.

दुसरा दिवस

एट माइल रोड ही शहराची उत्तर सीमा. त्या रस्त्याच्या दक्षिणेला, बर्वुड आणि मेंडोटा या दोन गल्ल्यांमधल्या घरांच्या परसांतून, सहा फूट उंचीची काँक्रीटची भिंत अर्धा मैल जाते. ती कशासाठी बांधली, हे समजल्यावर तिच्यापुढून लवकर हलवत नाही.

दक्षिणेतील राज्यांतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे १९२० च्या दशकापासून या भागात मोकळे भूखंड घेऊन, जमेल तसे पैसे साठवून, स्वतःच्या हातांनी घरे उभारत होती. पुढे त्यांच्या पश्चिमेला एका विकासकाला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेची कर्जहमी मिळाल्याशिवाय बँका अशा प्रकल्पाला पैसे देत नसत. वस्ती कृष्णवर्णीयांच्या फार जवळ आहे, म्हणून त्या संस्थेने हमी नाकारली. विकासकाने मधोमध भिंत बांधायचे कबूल केले, १९४१ मध्ये ती बांधली आणि हमी मिळाली. भिंतीच्या पूर्वेकडील माणसाला मात्र, त्याची नोकरी कायम असो, पगार नियमित असो, ही हमी मिळाली नाही.

आमच्या नकाशांना रंग असतात, निवासी विभागाला पिवळा, व्यापारी विभागाला निळा. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने अमेरिकेतील दोनशेहून अधिक शहरांचे जे नकाशे करवून घेतले, त्यांत कर्जासाठी धोकादायक ठरवलेला विभाग तांबड्या रंगाचा होता, आणि सोबतच्या टिपणात तेथील रहिवाशांचा वंश नोंदवण्यासाठी वेगळा रकाना होता. डेट्रॉईटचा नकाशा १९३९ चा. तो मी पुण्यात संगणकावर अनेकदा मोठा करून पाहिला होता. नकाशावर रंग भरणाऱ्या कर्मचाऱ्याची जागा मला चांगली ठाऊक आहे, कारण तिच्यावर मीही बसलेली आहे. त्याला कोणाचा राग असायची गरज नव्हती. नियमपुस्तिकेत लिहिले होते तसे त्याने केले, आणि कितीतरी कुटुंबांना पुढची तीस वर्षे घरावर दोन पैशांची शिल्लक टाकता आली नाही. अमेरिकेतील मध्यमवर्गाची बहुतेक संपत्ती घराच्या वाढत्या किमतीतून आली, हे लक्षात घेतले की त्या रंगाचे मोल कळते.

भिंतीचा काही भाग एका खेळाच्या मैदानालगत उघडा आहे. २००६ मध्ये त्यावर चित्रे रंगवली गेली. बाकीची भिंत घरांच्या मागे आहे, कोठे वेलींखाली झाकलेली, कोठे कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या मागे. आता दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबेच राहतात. एक आजी अंगणात पाने गोळा करत होत्या. मी कोठून आले, हे विचारून झाल्यावर त्यांनी सांगितले की लहानपणी त्या या भिंतीवरून तोल सांभाळत चालायच्या, आणि ती का बांधली हे मोठेपणी कळले तेव्हा आईवर रागावल्या होत्या, तिने आधी सांगितले नाही म्हणून.

मराठीत गावकूस हा शब्द आहे आणि त्याच्या बाहेर कोण राहत असे, हे कोणा मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. ते साम्य मी वाचले होते. त्या काँक्रीटला हात लावेपर्यंत ते माझ्या अंगाला भिडले नव्हते, हेही येथे लिहिले पाहिजे.

तिसरा दिवस

ब्लॅक बॉटम हे नाव वस्तीतील माणसांच्या वर्णावरून पडले, असे ऐकणाऱ्याला वाटते. खरे तर ते फ्रेंच शेतकऱ्यांच्या काळापासूनचे, तेथील काळ्या कसदार मातीवरून पडलेले आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोटार कारखान्यांतील कामासाठी दक्षिणेतून माणसे येऊ लागली, तेव्हा शहरात त्यांना भाड्याने खोली मिळण्याची जागा मुख्यतः हीच होती. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा तिचा मुख्य रस्ता, आणि त्याच्या उत्तरेकडील भागाला पॅरडाइज व्हॅली म्हणत. दवाखाने, औषधांची दुकाने, हॉटेले, चर्च, जॅझ आणि ब्लूजचे क्लब असे सगळे तेथे होते. गायिका अरेथा फ्रँकलिन हिच्या वडिलांचे न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चही याच रस्त्यावर होते. घरे जुनी, लाकडी आणि दाटीची होती, हेही खरे आहे, कारण दुसरीकडे घर मिळत नसल्यामुळे एका घरात तीन-तीन कुटुंबे राहत होती.

मी सकाळी हेस्टिंग्ज स्ट्रीट शोधत निघाले आणि एका पुलावर येऊन थांबले. खाली खोल खंदकातून आंतरराज्य महामार्ग ३७५ वाहत होता. तोच हेस्टिंग्ज स्ट्रीट.

क्रम असा आहे. १९४६ मध्ये महापौर एडवर्ड जेफ्रीज यांनी ब्लॅक बॉटममधील सुमारे १२९ एकर जमीन सक्तीने संपादन करून खाजगी विकासकांना देण्याची योजना मांडली. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा कामाच्या तोट्यातील दोन-तृतीयांश भार केंद्राने उचलायचे ठरले. त्याच वर्षी अल्बर्ट कोबो महापौरपदी निवडून आले. गोऱ्या वस्त्यांमध्ये सार्वजनिक घरे येऊ देणार नाही, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता, आणि पदावर येताच त्यांनी शहराच्या बाहेरील भागांसाठी प्रस्तावित आठ गृहप्रकल्प रद्द केले. म्हणजे एकीकडे घरे पाडायचा हुकूम होता आणि दुसरीकडे त्या माणसांसाठी बांधायच्या घरांना मनाई. पाडलेली जमीन कित्येक वर्षे रानगवताखाली पडून राहिली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य रस्त्यांचा ९० टक्के खर्च केंद्राकडे गेला. रस्ता जेथे जमीन स्वस्त आणि विरोध दुबळा तेथून न्यावा, हे आम्हा नगररचनाकारांचे जुने गणित आहे. तांबड्या रंगाने जमीन आधीच स्वस्त करून ठेवली होती, आणि विरोध दुबळा राहील याची काळजी नगरसभेच्या निवडणूक पद्धतीने घेतली होती. नगरसेवक प्रभागातून निवडले जात नव्हते, सगळे शहरभरातून निवडले जात, आणि १९५७ पर्यंत त्या सभेत एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता. महामार्ग १९६४ मध्ये सुरू झाला.

खंदकाच्या पूर्वेला, त्या पाडलेल्या जमिनीवर, लाफायेट पार्क ही वसाहत आहे. वास्तुकार मीस व्हॅन डर रोह यांच्या काचेच्या इमारती, लुडविग हिल्बरझाइमर यांची मांडणी, आल्फ्रेड कॉल्डवेल यांनी लावलेली झाडे. पन्नास वर्षांपूर्वी महाविद्यालयात या वसाहतीचा आराखडा मी शिसपेन्सिलीने उतरवून काढला होता, आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. तासभर मी तेथे फिरले. वसाहत आजही सुंदर आहे. गाड्या दृष्टीआड आहेत, मुले झाडांखाली खेळतात, आणि आरंभापासून तेथे काही कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबेही राहिली. मात्र ज्यांची घरे पाडली, त्यांच्यातील फारच थोड्यांना तेथील भाडे परवडणारे होते. हा भाग आमच्या धड्यात नव्हता, आणि आधी तेथे कोण राहत होते, असे विचारायचे मलाही सुचले नव्हते.

दुपारी मी त्या विस्थापितांच्या मागे गेले. त्यांच्यातील पुष्कळजण ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या परिसरात गेले होते. तेथील ज्यू कुटुंबे वायव्येकडे सरकत होती, घरमालक एकेका सदनिकेच्या दोन-दोन करून भाड्याने देत होते, आणि बहुतांशी गोरे असलेले पोलीस दल रोज रात्री गस्तीवर येत होते. २३ जुलै १९६७ च्या पहाटे एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर छापा पडला आणि पाच दिवस शहर जळत राहिले. ४३ माणसे मेली, सात हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. शहर १९६७ मुळे बुडाले, असे उपनगरांत आजही सांगितले जाते. मला ते पटत नाही. १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९६० पर्यंत जवळपास १ लाख ८० हजारांनी घटली होती. कारखाने उपनगरांत निघाले होते आणि त्यांच्या मागोमाग कर्जहमी मिळणारी गोरी कुटुंबेही. आग लागली ती आधीच पोकळ केलेल्या घराला.

त्या रस्त्याला आता नागरी हक्क चळवळीतील रोझा पार्क्स यांचे नाव आहे. अलाबामा सोडून त्या १९५७ मध्ये याच शहरात राहायला आल्या होत्या. कोपऱ्यावर लहानसे उद्यान आहे. दोन्ही बाजूंना, नजर जाईल तेथवर, गवत.

जाता जाता त्या महामार्गाविषयी. खंदक बुजवून तेथे पुन्हा साधा रस्ता करायचा, यासाठी २०२२ मध्ये केंद्राने १० कोटी ४६ लाख डॉलर मंजूर केले. मी गेले तेव्हा मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा, यावर वाद चालू होता. २०२५ मध्ये खर्च वाढल्याचे कारण देऊन राज्याने काम थांबवले.

चौथा दिवस

गार्लंड स्ट्रीट आणि शार्लव्हॉ यांच्या कोपऱ्यावर विटांचे दुमजली घर आहे. डॉ. ऑसियन स्वीट या कृष्णवर्णीय डॉक्टरांनी ते १९२५ मध्ये १८,५०० डॉलरला घेतले. त्या सप्टेंबरमध्ये ते राहायला येताच शेकडोंचा जमाव जमला, दगड पडू लागले, घरातून गोळी सुटली आणि बाहेरचा एक माणूस मेला. आतल्या अकराही जणांवर खुनाचा खटला झाला. नामवंत वकील क्लॅरन्स डॅरो बचावासाठी उभे राहिले आणि फ्रँक मर्फी न्यायाधीश होते. पहिल्या खटल्यात ज्युरींचे एकमत झाले नाही, आणि पुढच्या वर्षी डॉक्टरांचा भाऊ हेन्री निर्दोष सुटल्यावर इतरांवरचे आरोपही मागे पडले. घरात कोणी राहते की नाही, याची मी चौकशी केली नाही. पदपथावर थोडा वेळ उभी राहिले.

तेथून पूर्वेला ऑल्टर रोड. त्याच्या एका अंगाला ओस भूखंड, आणि पलीकडे एकदम दाट झाडी, कापलेली हिरवळ, भक्कम घरे : ग्रोस पॉइंट. शहरे एकमेकांना इतकी चिकटलेली आणि इतकी वेगळी मी कोठेही पाहिली नाहीत. घर घेऊ पाहणाऱ्याला गुण देण्याची एक पद्धत येथील दलालांनी आणि मालकांच्या संघटनेने चालवली होती, ती १९६० मध्ये उघड झाली. खाजगी गुप्तहेराकडून चौकशी होई. वर्ण किती सावळा, बोलण्याची ढब कशी, राहणी किती अमेरिकन, अशा प्रश्नांचे गुण असत. पोलिश माणसाला उत्तीर्ण व्हायला इतरांपेक्षा जास्त गुण लागत, इटालियन आणि ज्यू माणसाला त्याहून जास्त. कृष्णवर्णीयांचा आणि आशियाई लोकांचा अर्जच विचारात घेतला जात नसे.

संध्याकाळी हे मी भाच्याला सांगितले. आपल्या लोकांना या देशाचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. त्यानंतर आलेल्या अभियंत्यांना येथील मोटार कंपन्यांत नोकऱ्या आणि उपनगरांत घरे मिळाली. घर नाकारण्यातील वंशभेद १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरला. तो कायदा व्हावा म्हणून जे झगडले, त्यांच्यातील कितीजणांना नोव्हायमध्ये घर घेता आले, असे त्याने मला विचारले. आम्ही बराच वेळ बोलत होतो.

पाचवा दिवस

दिवसभर पाऊस होता, म्हणून सगळा दिवस वुडवर्ड अॅव्हेन्यूवरील मुख्य सार्वजनिक ग्रंथालयात गेला. भाच्याने नोव्हायमध्ये घर घेतले ते शाळेसाठी, म्हणून मी शाळांच्या खटल्याचे वाचन केले.

डेट्रॉईटच्या शाळांतील वंशनिहाय विभागणी सरकारच्याच निर्णयांतून झाली, असे न्यायाधीश स्टीफन रॉथ यांना आढळले, आणि शहरात गोरी मुले फारशी उरली नसल्यामुळे १९७२ मध्ये त्यांनी ५३ उपनगरी शाळा-जिल्हे धरून एकत्रित योजना करण्याचा आदेश दिला. २५ जुलै १९७४ रोजी, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्यांची सीमा ओलांडता येणार नाही, हे त्याचे तात्पर्य. भिन्नमतपत्रात न्या. थर्गुड मार्शल यांनी बजावले की महानगरांची एक गोरे आणि एक काळे अशी दोन शहरे होऊ देण्याचा मार्ग सोपा वाटला, तरी पुढे देशाला त्याचा पश्चात्ताप होईल. त्या निकालाच्या सव्वीस वर्षे आधी याच मार्शल यांनी वकील म्हणून डेट्रॉईटच्या मॅकगी कुटुंबाचा खटला त्याच न्यायालयात जिंकला होता, आणि खरेदीखतातील गोऱ्यांनाच घर विकण्याच्या अटी न्यायालयांना अंमलात आणता येणार नाहीत, हे ठरले होते. खरेदीखतातील अट गेली आणि शाळा-जिल्ह्याची सीमा राहिली. माझ्या मते ही सीमाच आजच्या डेट्रॉईटची सर्वात पक्की भिंत आहे, कारण शाळेचा पैसा आणि घराची किंमत दोन्ही तिला बांधलेले आहेत.

दुपारी शहराच्या दिवाळखोरीचे कागद वाचले. राज्यपालांना आर्थिक अडचणीतील शहरावर प्रशासक नेमण्याचा अधिकार देणारा कायदा मिशिगन राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये नाकारला. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने तसाच नवा कायदा केला, आणि त्यात खर्चाची तरतूद घालून तो सार्वमताच्या कक्षेबाहेर ठेवला. मार्च २०१३ मध्ये केविन ऑर प्रशासक झाले आणि १८ जुलैला, सुमारे १८ अब्ज डॉलरच्या देण्यांसह, शहराने दिवाळखोरी जाहीर केली. एका टप्प्यावर मिशिगनमधील जवळपास निम्मी कृष्णवर्णीय जनता अशा प्रशासकांच्या अमलाखालील शहरांत राहत होती. मी हे वाचत होते तेव्हा पुण्याच्या महापालिकेवरही अडीच वर्षे प्रशासकच होता. कारण वेगळे होते, पण निवडून आलेला माणूस समोर नसताना कार्यालयात निर्णय किती भराभर होतात, हे मला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. घरांच्या किमती कोसळल्या तरी कराचे मूल्यांकन जुनेच राहिले. २०१० ते २०१६ या काळात घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलरचा जादा कर लागला, असे एका स्थानिक वृत्तपत्राने २०२० मध्ये दाखवून दिले. तो न भरल्यामुळे अनेकांची घरे लिलावात गेली, आणि ती गवताची मैदाने अंशतः त्यातून झाली आहेत.

सहावा दिवस

सकाळी पोलटाउन. १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी येथील सुमारे ४,२०० रहिवासी हलवले गेले, पोलिश आणि कृष्णवर्णीय दोन्ही, आणि हलवणारे होते महापौर यंग. ज्याच्या लोकांची वस्ती महामार्गाखाली गेली, त्याच्याच हाती पुढे सत्ता आली, तेव्हा करदाते निघून गेलेले, कारखाने निघालेले आणि एकच मोठी कंपनी अटी सांगत असलेली. त्यांना दोष देणे मला जमत नाही, आणि तेथील चर्चच्या पाडकामाची छायाचित्रे पाहून त्यांचे समर्थनही करवत नाही.

नंतर मिशिगन सेंट्रल स्टेशन पाहिले. १९१३ चे हे स्थानक १९८८ पासून पडीक होते. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये घेऊन दुरुस्त केले आणि २०२४ च्या जूनमध्ये उघडले. छत अप्रतिम आहे. २०२३ मध्ये शहराची लोकसंख्या कित्येक दशकांत प्रथमच किंचित वाढल्याची नोंद झाली, त्याचा आनंद तेथील प्रत्येकाच्या बोलण्यात होता. भोवतालची भाडीही वाढत आहेत.

परत जायला भाचा येणार होता. मी त्याला येऊ नको म्हणून कळवले आणि बस धरली. दोन ठिकाणी बदलावी लागली आणि गाडीने चाळीस मिनिटांच्या वाटेला दोन तासांहून जास्त लागले. एट माइल ओलांडली तेव्हा बसमध्ये बहुतेक कृष्णवर्णीय बायकाच होत्या, कामाच्या गणवेशात, पिशवीत डबा. माझ्या शेजारची बाई नोव्हायच्या एका वृद्धाश्रमात रात्रपाळीला जात होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बस अलीकडच्या गावातच थांबायची, तेथून ती रस्त्याच्या कडेने पाऊण तास चालायची, हिवाळ्यात बर्फातूनही, असे तिने सांगितले. परतीची पहिली बस सकाळी कितीला असते, ते मी विचारून घेतले आणि घरी गेल्यावर भाचेसुनेला लिहून दिले.